राखणीत घातलेल्या शेळ्या

आमच्या आत्याबाईंना कशाचंबी नवल वाटतं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, भिवराबाई. नांदूरघाटच्या अलीकडं आमची वस्ती अन् वस्तीमागं आमचा मुरमाड माळ. दुसऱ्या सासवा सुनांची उणीदुणी काढतात, आमची म्हातारी गवताची काडी मोडून दाताखाली धरती अन् मला विचारती, "वनिता, हे कालपरीस निबर कावून लागतंय गं?" आता मला काय ठावं! मी काय गाय हाय का?

पण मागच्या उन्हाळ्यात माझं हसणं बंद झालं. माझा नवरा समाधान म्हणाला, "वैरण इकत घ्यायची ही शेवटची येळ. पुढच्या उन्हाळ्यात गंजी पुरली न्हाई तर बांडी बाजारात जाईल." बांडी आमची गाय. तिची आई आत्याबाईंनी माहेरून आणलेली. त्या दिवशी आत्याबाई जेवल्या न्हाईत. मला लई वाईट वाटलं.

आमच्याकडची रीत अशी, की पाऊस लागला की माळ राखायचा. कुणाचं जनावर आत येऊ द्यायचं न्हाई, दिवाळी झाल्यावरच विळा घालायचा. त्या उन्हाळ्याच्या आदल्या पावसाळ्यात आम्ही तसाच राखलेला. गवत कंबरेला लागलं, येणारा-जाणारा वा वा म्हणायचा. अन् बांडीनं काय करावं? पुढ्यात टाकलेलं हुंगलं अन् तोंड फिरवलं. नुसत्या काड्या, त्यात कुसळं, हिरड्यांत रुतायची. अन् हीच भवानी बांधाबाहेर मान घालून काय खायची, तर वस्तीवरल्या चाँदभाईच्या शेळ्यांनी वाटेकडंचं चरून टाकलेलं अन् पुन्हा फुटलेलं बोटभर गवत! आत्याबाई तिथंच बसकण मारून कितीतरी वेळ बघत राहिल्या. "राखलेलं सोडून ही उष्टंच कावून खाती?"

ते 'कावून' म्हातारीच्या डोक्यातून जाईना. मग त्या उन्हाळ्यानंतरच्या पावसाळ्यात, आखाड सरता सरता, माळातलं गवत गुडघ्याला आलं तशा आत्याबाई सरळ चाँदभाईच्या दारात गेल्या. "चाँदभाई, तुमच्या शेळ्या माझ्या माळात घाला."

चाँदभाई चहाची बशी हातात धरून तसेच बघत राहिले. "मावशी, तबियत ठीक हाय ना?"

सगळी वस्ती हसली. कुंपणानंच शेत खाल्लं, म्हणाले लोक. मी तर भडकलेच. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! बांडीच्या तोंडचा घास शेळ्यांना घालताय तुमी!"

"गप गं. बघू तर दे." आत्याबाई काठी घेऊन स्वतः माळात उभ्या. गवत चार बोटं उरलं की तिथून शेळ्या हुसकायच्या. एक कोपरा तेवढा रीतीपरमाणं राखला, ताडून बघायला.

अन् नेमका पावसानं दगा दिला. माळ बोडका, पिवळा पडला. समाधान येता-जाता माळाकडं बघायचा अन् बोलायचा काहीच न्हाई. त्यापरीस भांडला असता तर बरं झालं असतं. आत्याबाई वाकून वाकून गवताचे बुडखे चाचपायच्या. "मुळी जित्ती हाय," म्हणायच्या, पण आवाज बारीक झाला होता. एकदा मलाच म्हणाल्या, "माझं चुकलं असंल तर गं?" रागावलेली मी, पण तेव्हा चहा ठेवला. म्हटलं, "चला, चहा घ्या."

उत्तरा नक्षत्रात पाऊस आला. बुडख्याबुडख्यातून पाती फुटली, दाट अन् मऊ. कोपऱ्यातलं गवत तोवर निबर होऊन कुसळावर आलेलं. माळ फुलोऱ्यावर आला तशा आत्याबाईंनी दिवाळीची वाट न बघता विळा घातला. कापतानाबी बुडाला मूठभर गवत ठेवलं. गंजी रचली, अन् कोपऱ्यातलं दिवाळीनंतर कापून तिच्या कडंला येगळं ठेवलं.

चैतात समाधाननं गिऱ्हाईक आणलंच. चैतात वैरण सरतीच, हे त्यानं धरूनच चाललेलं. गिऱ्हाईक कडा गावाकडचं, नवं दावं घेऊन आलेलं. त्यानं बांडीच्या पाठीवर हात फिरवला, मग मागं जाऊन गंजी बघितली.

"मालक, निम्मी गंजी शिल्लक हाय. गाय अशी तुकतुकीत. मग इकता कावून?"

समाधान गंजीकडं गेला, एका हातात कोपऱ्यातलं गवत घेतलं, दुसऱ्यात शेळ्यांनी आधी चरलेल्या माळाचं, अन् दोन्ही हात बांडीपुढं धरले. बांडीनं एक हात हुंगला, सोडला. दुसऱ्या हातात तोंड घातलं ते काडी न् काडी संपेस्तवर काढलं न्हाई.

"आई," समाधान म्हणाला, "हे असं कावून गं?"

म्हातारीला रडूच फुटलं. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मलाबी समदं न्हाई कळलं बाबा. बस, सांगते तेवढं."

गिऱ्हाईक चहा पिऊन दावं तसंच घेऊन गेलं. समाधान गोठ्यात आईपाशी बसून होता. उठताना एवढंच म्हणाला, "औंदा चाँदभाईकडं मी जातो."