पंचवटीतला परवडणारा हॉल

पंचवटीत छोट्या लग्नाला परवडणारा एकच हॉल आहे, आणि त्याचा मॅनेजर आधी जात विचारतो. "कोणाकडचे? हं. बघू." मग सुपारी कातरत आम्हाला, आंतरजातीय लग्नं लावून देणाऱ्या कार्यकर्त्यांना, ताटकळत ठेवतो. मी दरवेळी त्याच्याशी भांडतो. हॉल मात्र तो दरवेळी देतो.

परवा जातीबाहेर लग्न करणाऱ्या आमच्या मैत्रिणीला शोधत तिचे भाऊ दारात आले. आत हार घालायचे बाकी होते. मॅनेजर खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"बारसं आहे. आत सगळ्या बायका बसल्यात. पुरुषांचं काय काम?"

भाऊ ओशाळून माघारी गेले. मी त्याचे आभार मानले.

"राहू द्या, कार्यकर्ते," तो म्हणाला. "माझी पोरगी असती, तर मीही असाच शोधत आलो असतो."