नाइलाजाने शिकवलेली शिवांजली

कोरेगावच्या एका हायस्कुलात अकरावीला व्यवसाय अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा शिवांजलीच्या वडिलांनी तिचं नाव इलेक्ट्रिकलला घातलं. ते फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. इलेक्ट्रिकल म्हणजे वीज बोर्डातली खुर्ची, असा त्यांचा समज. शाळेत यंत्रं आली होती, पण उद्घाटनाला पुढाऱ्यांची तारीख मिळेना, म्हणून ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळूनच होती. दसऱ्याला त्यांची पूजा मात्र नेमाने व्हायची. शेवटी काम शिकायला मुलांना गावातल्या दुकानांत धाडायचं ठरलं.

शिवांजली आणि तिच्या वर्गातला भाऊसो असे दोघं आकाराम मिस्त्रीच्या दुकानात गेले. तिथे विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरली जायची. शिकाऊ पोर कशासाठी असतं, याबद्दल मिस्त्रीच्या मनात शंका नव्हती. भाऊसो चौकातून चहा आणू लागला, गिरणीतून दळण आणू लागला, मिस्त्रीची म्हैस पाण्यावर नेऊ लागला.

शिवांजलीचं काय करायचं, हे मात्र मिस्त्रीला कळेना.

"आवं सर," तो शाळेच्या सरांना म्हणाला, "सुभेदाराची पोरगी. तिला चौकात चा आणाय धाडली तर लोक मला फाडून खातील."

"मग करणार काय?"

"काय करतो! बसवतो मोटारीम्होरं. दुसरं कामच न्हाई दुकानात."

अशा रीतीने निव्वळ नाइलाज म्हणून तिला धंदा शिकवला गेला. तारेने बोटं सोलली, मग सरावली. तिने भरलेली पहिली मोटार घुमत सुरू झाली, तेव्हा तिला हसू आवरेना. मिस्त्रीने शाळेला दोघांचा शेरा पाठवला. भाऊसो 'अत्यंत उपयुक्त', शिवांजली 'बरी'.

बारावी होताच तिचं लग्न कडेगावात झालं. नवरा पलटणीत, घरी सासरे हरिबा आणि त्यांचा ऊस.

"आमच्या घरच्या सुना मोटारीला हात लावत न्हाईत," हरिबांनी आल्या आल्या सांगून टाकलं.

उन्हाळ्यात वीज लंगडत येऊ लागली आणि शिवारातल्या मोटारी पटापट जळाल्या. मिस्त्र्यांकडे रांगा लागल्या. हरिबांचा ऊस पिवळा पडला, तशी त्यांची घराण्याची रीतही जरा सैल झाली.

"बग जरा ती मोटार," ते हळूच म्हणाले. "पर दार लावून."

मोटार चालू झाली. लगेच शेजारचे पोत्यात झाकून आपापल्या मोटारी परसदारी आणू लागले. गर्दी वाढली तशी हरिबांची लाज गेली आणि पुढच्या दारावर पाटी लागली : 'हरिबा मोटार रिवाइंडिंग'. पाना कुठला आणि पक्कड कुठली, हे हरिबांना ठाऊक नव्हतं, पण खुर्ची टाकून ते येणाऱ्याला सुनावायचे, "मोटारीला लय ताण दिलायसा!"

शिवांजलीने पाटी वाचली, हात धुतले आणि चुलीपुढे जाऊन बसली.

"अगं, भाईर माणसं खोळंबल्याती!"

"आवं मामंजी, पाटी तुमची हाय. तार तुमीच भरा."

हरिबा चिडले, रुसले, मुलाला पत्र टाकायची धमकीही देऊन झाली. पण बाहेर ऊसवाल्यांनी गराडा घातला होता आणि त्यांना घराण्याच्या अब्रूत रस नव्हता. मुकाट्याने रंगाऱ्याला बोलावणं गेलं.

नव्या पाटीवर शिवांजलीचं नाव ठसठशीत आलं. वरच्या बाजूला, जिथे लोक देवाचं नाव लिहितात, तिथे 'हरिबा प्रसन्न' एवढं तरी हवंच, असा सासऱ्यांनी हट्ट धरला.

तिने तो मान्य केला.