तलावावरचे लीडर

माझ्या सासऱ्यांना सगळं गाव ‘लीडर’ म्हणायचं, पण त्यांनी कधी निवडणूक लढवली नाही, गळ्यात हार घालून घेतला नाही की माईकसमोर दोन शब्द बोलले नाहीत. पाटोद्याच्या बाजारात कुणी ‘ओ लीडर’ अशी हाक मारली, की कडक इस्त्रीतली दोनचार माणसं वळून बघत. मग त्यांच्यामागून भाजीची पिशवी सांभाळत एक काटक म्हातारा ‘काय म्हंता’ म्हणत पुढे येई, तेच आमचे लीडर.

हे नाव त्यांना गावातल्या तलावावर पडलं. फौजेतून निवृत्त होऊन आल्यावर ते पहिल्यांदा आपली मासे धरायची काठी घेऊन तलावाच्या बांधावर बसले, तेव्हा बघायला गर्दी जमली. काठीची दोरी पिवळी आणि जाड होती, पण तिच्या टोकाला पाच-सहा हात लांबीचा अगदी बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक धागा, जोडलेला. कुणीतरी विचारलं, हे काय. “ह्याला लीडर म्हंतेत,” ते म्हणाले. “मासा दोरी बगून पळतो. ह्यो त्याला दिसत न्हाई.” गर्दीतून एकजण म्हणाला, “मंग आपल्या लीडरवानीच की. एकदा निवडून आला की दिसत न्हाई.” गाव तीन दिवस हसलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

मी त्यांना मामा म्हणायची. आमच्याकडे सुना सासऱ्यांना तसंच म्हणतात. घराणं मेंढरं राखणारं आणि थोडी कोरडवाहू शेती करणारं. तरुणपणी ते फौजेत गेले आणि काश्मिरात अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये स्वयंपाकी झाले. तिथल्या एका मेजरसाहेबांना ओढ्यातले ट्राऊट मासे पकडायचा नाद होता. त्यात गळाला आमिष लावत नाहीत. पिसांची आणि दोऱ्याची खोटी माशी बनवतात आणि जाड दोरीच्या वजनावर ती लांब फेकून पाण्यावर अलगद टेकवतात. साहेबांचा जेवणाचा डबा घेऊन जाता जाता मामा ते सगळं शिकले. निरोप देताना साहेबांनी आपली एक जुनी काठी, चरखी आणि दोरी त्यांच्या हातात ठेवली. फौजेतून लोक ट्रंका आणतात, रजया आणतात. आमच्याकडे हे आलं.

सासूबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात मासा तर सोडाच, माशाचं नावही निघायचं नाही. मामा दोरीचा पीळ काढायला ती अंगणात कडुलिंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत ताणून ठेवत आणि सासूबाई हटकून तिच्यावर लुगडं वाळत घालत. “दोरी ती दोरीच की,” त्या म्हणत. मामा लुगडं उतरवत, नीट घडी घालून बाजेवर ठेवत आणि दोरी गुंडाळायला घेत. हा खेळ मी लग्न होऊन आले तेव्हाही चालू होता आणि पुढे कितीतरी वर्षं चालला. दोघांपैकी एकानेही कधी आवाज चढवला नाही.

त्या जाड दोरीला बारीक तंगूस जोडणं हे मामांचं खरं देवकार्य. त्यासाठी त्यांनी बॉलपेनच्या रिकाम्या कांडीचा तुकडा जपून ठेवला होता. दोरीचं टोक, कांडी आणि तंगूस शेजारी शेजारी चिमटीत धरायचे. तंगुसाचे वेढे सगळ्यांवरून एकाला एक लावून घ्यायचे. मग त्याचं टोक कांडीतून परत ओवून बाहेर काढायचं आणि कांडी हळूच ओढून घ्यायची. वेढे जागच्या जागी राहिले पाहिजेत. शेवटी गाठ जिभेवर धरून ओली करायची आणि दोन्हीकडून ताणायची. “कोरडी गाठ ताणली की तंगूस जळतो,” ते सांगत. “डोळ्याला दिसत न्हाई, पन मोठा मासा लागला की कळतं.” गाठ झाली की तिच्यावरून डोळे मिटून नख फिरवत. नख अडलं तर गाठ कापून पुन्हा पहिल्यापासून. नायगावकडच्या डोंगरातून गुराखी मोराची गळालेली पिसं आणून देत, त्यांच्या माशा ते स्वतः बनवत. तलावातली चिलापी मासळी त्या खोट्या माश्यांना भुलून वर येई. मामा तिला हळूच सोडवत आणि मच्छीमार सोसायटीच्या टोपलीत टाकत, कारण तलावाचा ठेका सोसायटीचा होता.

सोसायटी म्हणजे तलावाकाठची भोयांची दहा-बारा घरं, आणि त्यांचे चेअरमन तात्या. तात्या आणि मामा एका वयाचे. “आमी जाळ्यानं पोट भरतो आन हे फौजी पिसानं खेळतेत,” तात्या म्हणत. पण संध्याकाळी जाळं बाजूला ठेवून मामांच्या शेजारी येऊन बसत. दोघं फारसं बोलत नसत. एक बिडी ओढे, दुसरा दोरी फेके. तात्या आमच्या घरी मात्र कधी आले नाहीत. अंगाला माशाचा वास असतो, वहिनींना चालायचं नाही, असं म्हणून ते बाहेरच्या रस्त्यावरूनच हाक मारत.

मग दोन पावसाळे कोरडे गेले. दुसऱ्या वर्षी होळीच्या सुमाराला तलावाचं पाणी मध्यावर गोळा झालं, भोवती भेगाळलेला गाळ. सोसायटीने आदल्या वर्षी सोडलेली बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं, आता मोठी झाली होती. पाणी आटून मासे मरण्याआधी जाळं ओढून सगळे काढून घ्यायचे, असं सोसायटीने ठरवलं. पण गावातली गुरं आणि मेंढरं त्याच पाण्यावर होती. जाळं ओढलं की तळातला गाळ उठतो आणि चार दिवस जनावर पाण्याला तोंड लावत नाही. माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ सोपान मेंढरं राखायचा. जाळं निघालंय हे कळताच तो पाचसहा जणांना घेऊन काठ्यांसह बांधावर गेला. मी त्या वेळी धुणं घेऊन खाली होते, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

“जाळं उचला,” सोपान म्हणाला. “जनावरं मेल्यावर आमी काय तुमचे मासे राखत बसावं का बे?”

“आन मासे मेल्यावर आमी काय करावं?” तात्या जागचे हलले नाहीत. “ठेका आमचा हाय. बोटुकली आमी सोडली.”

कुणीतरी जाळ्याचा दोर ओढला, दुसऱ्याने त्याला ढकललं. एक काठी वर गेली. मामा बांधावर कधी आले ते कुणाला दिसलं नाही. ते सरळ चिखलात उतरले आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले. त्या वेळी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वर गेलेली काठी त्यांना धड दिसलीही नसेल.

“नाना, सरका,” सोपान आपल्या चुलत्याला म्हणाला. “तुमी आपले हाव का त्यांचे?”

“मी पान्याकडचा हाय,” मामा म्हणाले. मग तात्यांकडे वळून, “जाळं टाकू नका. गळानं काढा. गाळ हालत न्हाई.”

तात्या कडवट हसले. “गळानं तलाव रिकामा करायचा? दिवाळी उजाडंल, फौजी.”

“उजाडू द्या. तवर जनावर बी पानी पील.”

वर गेलेली काठी खाली आली. तात्या पाण्याकडे बघत म्हणाले, “पान्याला आता खोली न्हाई. आमची दोरी जाड. मासा लांबूनच बगंल.”

“दोरीला पुढं तंगूस लावू,” मामा म्हणाले. “मी लावतो.”

पण त्यांना ते जमेना. वेढे बोटांना अजून पाठ होते, मात्र कांडीच्या तोंडात तंगूस ओवायला डोळे लागतात. दुपारी लिंबाखाली बसून त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग कांडी माझ्यापुढे धरली. “पोरी, तू वव.” मी ओवत गेले, ते ताणत गेले. दुसऱ्या दिवशी भोयांच्या बायका आपापल्या दोऱ्या घेऊन आल्या आणि बघून बघून शिकल्या. बॉलपेन गावात पुरेनात. सासूबाई ओसरीवरून सगळं बघत होत्या. त्यांनी काही मना केलं नाही, उलट तिसऱ्या दिवशी बायकांसाठी पाण्याचा माठ लिंबाखाली आणून ठेवला. त्या दिवसांत माठभर पाणी म्हणजे काय, हे त्या बायकांना सांगायची गरज नव्हती.

ठरलं असं, की पहाटेपासून ऊन चढेपर्यंत गळवाल्यांनी काठावर बसायचं, त्यानंतर तलाव जनावरांचा. कणकेच्या गोळ्यांना रोहू लागले, गांडुळाला मरळ. मोठा मरळ तंगूस तोडून जाई आणि मग दुपारी आम्ही पुन्हा जोडायला बसत असू. मामा रोज पहाटे माझ्या खांद्यावर हात ठेवून बांधावर येत आणि ऐकत बसत. पाण्यात खळबळ झाली की विचारत, “कुनाला लागला?” पाचव्या-सहाव्या दिवशी सोपानही बांधावर येऊन बसला. मोठा मासा ओढताना एका भोयाचा हात तंगुसाने कापला, तेव्हा सोपानने त्याची दोरी धरली आणि मासा काढून दिला.

तलाव वाचला असं नाही. वैशाखाच्या अखेरीस उरल्या डबक्यातले मासे तोंड वर काढून धापा टाकू लागले, तेव्हा भोयांनी आणि मेंढक्यांनी मिळून ते टोपल्यांनी काढले. नंतर तिथे नुसता गाळ राहिला. आमची जनावरं छावणीला गेली आणि भोयांची घरं माजलगावच्या धरणावर निघाली.

निघायच्या सकाळी तात्या नेहमीप्रमाणे रस्त्यावरच थांबले. मामा काठी, चरखी आणि दोरी घेऊन बाहेर गेले.

“हे कावून?” तात्यांनी विचारलं.

“तितं पानी हाय. हितं भिंतीला लावून काय करू?”

“मला न्हाई फेकता येत.”

“मला तरी कुठं येत हुतं,” मामा म्हणाले. तात्यांनी काठी घेतली. भोयांच्या टेम्पोचा आवाज बंद होईपर्यंत मामा तिथेच उभे राहिले.

त्यानंतर ते फारसे बाहेर पडले नाहीत. पुढच्या वर्षी तलाव भरला, तेव्हा ते बीडच्या दवाखान्यात होते. छातीत पाणी झालं होतं. मी निरोप घेऊन गेले, सांडव्यावरून पाणी चाललंय म्हणून.

“जनावरं उतरली का?”

“उतरली.”

“आन भोई?”

“अजून न्हाई आले, मामा.”

“येतेन,” ते म्हणाले. “त्यांना सांगावा लागत न्हाई.” मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. दोन दिवसांनी गेले.

भोई दिवाळीनंतर आले. बोटुकलीच्या पिशव्या टेम्पोतून उतरवून तात्या थेट आमच्या दारात आले आणि उंबऱ्याशी उभे राहिले. पहिली पिशवी लीडरच्या घरच्या माणसाने सोडावी, असं सोसायटीचं म्हणणं होतं. मी पदर खोचून निघाले, पण सासूबाई माझ्याआधी पायरी उतरल्या.

तलावाच्या कडेला त्यांनी लुगडं घोट्याच्या वर धरलं आणि पाण्यात गेल्या. तात्यांनी पिशवीचं तोंड सोडून दिलं. सासूबाईंनी ती दोन्ही हातांनी धरून हळूहळू तिरकी केली. बोटाएवढी पिल्लं त्यांच्या पायांभोवती क्षणभर घोटाळली आणि मग एकदम पसरली.

सासूबाई वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी तात्यांना विचारलं, “ह्या पिलांना खायला काय लागतं?”