हरकतबाईंनी न घेतलेली हरकत

ऑफिसात सगळे त्यांना हरकतबाई म्हणत, तेही तोंडावर. बाईंना त्याचं काही वाटत नाही, असा सगळ्यांचा समज होता. तो साफ चुकीचा होता.

तिथे कंपायलर तयार होत असे, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा करून देणारी व्यवस्था. भाषा सात, यंत्रं नऊ. प्रत्येक जोडीला वेगळा कंपायलर लिहायचा तर जन्म पुरला नसता. म्हणून एकच घर बांधलं होतं. प्रत्येक भाषेला आपलं पुढचं दार, प्रत्येक यंत्राला आपलं मागचं दार आणि मधे सगळ्यांचं मिळून एक माजघर. कुठल्याही दाराने आलेला प्रोग्राम माजघरात एकाच साच्यात बसे, तिथे त्याचा केरकचरा निघे आणि मग तो पुढे जाई. सहा दारांवर माणसांची वर्दळ. सातव्या, सर्वांत जुन्या भाषेच्या दारावर एकट्या हरकतबाई.

माजघरात काही बदलायचं तर सातही दारांना विचारायचं, अशी पद्धत होती. बाकीचे सहाजण "हरकत नाही" लिहून मोकळे होत. बाई मात्र जुने प्रोग्राम चालवून बघत आणि आडव्या येत. बाईंच्या वडिलांनी पाणीपुरवठ्याच्या पंपांचे प्रोग्राम त्या जुन्या भाषेत लिहिले होते. ते निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, तरी शहराचं पाणी त्या प्रोग्रामांवरच चढत होतं.

कंपायलरच्या मागच्या आवृत्तीत माजघरवाल्यांनी नवी झाडलोट आणली. प्रोग्राममधलं जे चक्र, म्हणजे तेच ते पुन्हापुन्हा करायची सूचना, नुसतंच फिरतं, करत काहीच नाही, ते काढून टाकायचं. बाईंनी त्या महिन्यात आधीच तीन हरकती घेतल्या होत्या. चौथीची त्यांना लाज वाटली. काहीही न चालवता त्यांनी लिहून टाकलं, "हरकत नाही." कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. खरं सांगायचं तर बाईंना फार बरं वाटलं.

चार महिन्यांनी त्यांनी वडिलांचा एक प्रोग्राम त्या आवृत्तीवर सहज चालवून बघितला. पहिला पंप बंद झाला की दुसरा सुरू व्हायच्या आधी थांबायचं होतं, ते थांबणंच नाहीसं झालं होतं. त्या भाषेत 'थांब' सांगायची सोयच नव्हती, म्हणून वडील रिकामं चक्र फिरवून वेळ काढत. माजघराने ते केर समजून झाडलं होतं. अशा चक्राला 'हात लावू नका' अशी खूण बाईंच्या दारानेच लावायची होती.

खूण म्हणजे दहा ओळींचं काम. गुपचूप लावली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ती आवृत्ती कुठल्या पंपघरात जाऊन बसली होती, कोण जाणे. आणि सांगावं, तर जुनी भाषा ठेवायची की काढायची हा विषय याच महिन्याच्या बैठकीत होता.

संध्याकाळी त्यांनी वडिलांना विचारलं, "बाबा, एक पंप बंद झाल्यावर मधे न थांबता दुसरा सुरू झाला तर काय होतं?"

"पाणी उलटं आपटतं. नळ फुटतो. खाली दुरुस्तीला माणूस उतरलेला असतो, बाळ. का गं?"

"चूक माझी आहे. पण सांगितली तर तुमची भाषाच काढून टाकतील."

"मग काढू देत!" वडील कडाडले. नंतर त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले. बाईंना त्यांच्याकडे बघवेना.

बाईंनी सांगितलं. सगळ्या पंपघरांना कळवलं, दुरुस्त आवृत्ती धाडली. दोन ठिकाणी चुकीची आवृत्ती घेतली होती, पण चालवली नव्हती. खाली उतरणारा माणूस वाचला.

बैठकीत प्रमुख म्हणाले, "बाई, तुम्ही कबूल केलंत, हे मोठंच. पण एका दारासाठी सगळ्या घराने किती दिवस जपून चालायचं? पंपघरं नव्या भाषेत प्रोग्राम लिहून घेतील. तोवर दुरुस्त आवृत्ती आहेच."

पद्धतीप्रमाणे सातही दारांना विचारलं गेलं. सहांनी "हरकत नाही" लिहिलं. मग बाईंनीही तेच लिहिलं.

दार काढायचं कामही त्यांच्याच वाट्याला आलं, कारण त्यातलं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. शेवटची फाइल काढून त्यांनी सगळ्या चाचण्या चालवल्या. सगळ्या पास झाल्या. ज्या नापास होऊ शकल्या असत्या, त्या जुन्या भाषेच्या चाचण्या बाईंनी सकाळीच काढून टाकल्या होत्या.