ओसूचं छप्पर

जगात जे काही चांगलं घडतं ते आधी जपानात, नागोया शहराच्या मध्यभागी, ओसू नावाच्या पेठेत घडून गेलेलं असतं, असं मानणारा एकच माणूस मला ठाऊक आहे आणि दुर्दैवानं तो माझा साडू आहे. कुपवाडच्या ज्या कारखान्यात तो फिटर होता, त्यांनी त्याला नवं मशीन शिकायला दोन महिने नागोयाला धाडलं. सहा दिवस कारखाना आणि रविवारी ओसू. म्हणजे आठ रविवार, त्यातला एक तापात गेला. सात रविवारांवर माणसानं किती वर्षं बोलावं याला काही प्रमाण? आमच्याकडे चहा आला की, "ओसूत चहा हिरवा आसतुय, पाव्हणं. साखर मागितली की लोक तोंडाकडं बगत्यात." लग्नात पंगतीला उशीर झाला की ओसू, एस.टी. चुकली की ओसू. एका बारशात पाळण्याची दोरी तुटली तेव्हा मात्र तो गप्प राहिला. तिथले पाळणे बघायचे राहून गेले होते.

त्या पेठेचा इतिहास मला माझ्या घराण्यापेक्षा जास्त पाठ आहे, तोही इच्छा नसताना. तिथं करुणेच्या देवतेचं बौद्ध मंदिर आहे. मुळात ते दूरच्या एका नदीकाठच्या गावातलं. तिथं सारखा पूर यायचा, म्हणून नागोया वसवणाऱ्या राज्यकर्त्यानं ते उचलून नव्या शहरात आणलं, गावाच्या नावासकट. मंदिरापुढं उदबत्तीवाले बसले, मग खाणावळी आल्या, मग नाटकाची थिएटरं, आणि मग (इथं मेव्हणी स्वयंपाकघरात आहे ना हे बघून) "तसली घरं". युद्धात सगळं जळालं. त्यानंतर शहरानं एवढे रुंद रस्ते काढले की पलीकडचं गिऱ्हाईक अलीकडं येईना. दुकानांना कुलपं लागली. शेवटी दुकानदारांनीच डोकं चालवलं. रेडिओचे सुटे भाग विकायला आणले, जुने कपडे आणले, सणाला भर रस्त्यात कसरतवाले नाचवले. आणि गल्ल्यांवर छप्परं! "ऊन न्हाई, पाऊस न्हाई. बाईमाणूस छत्री मिटून निवांत दुकानं बगत जातंय," हे सांगताना तो दोन्ही हात डोक्यावर धरून दाखवायचा. मी विचारलं, छप्पर किती उंच? म्हणाला, "लय." या फिटरला मशीन शिकवायला परदेशी पाठवून कंपनीनं पैसे पाण्यात घातले, हे माझं तेव्हापासूनचं मत आहे.

एवढ्यावर थांबला असता तर मी त्याला माफ केलं असतं. पण यानं नोकरी सोडली आणि माधवनगरात शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान घेतलं. कुठं, तर गावातली कापडगिरणी बंद पडल्यावर जिथलं गिऱ्हाईक उठून गेलं त्या गल्लीत. नऊ दुकानं, त्यातली चार बंद. "पाव्हणं, मशीन आणणार कोण?" मी विचारलं. "येतील की. ओसू जळून खाक झालती. ही तर नुसती झोपलीया." दुकान बुडालं तर बिऱ्हाड उचलून कुंडलला भावाच्या दारात जायचं, एवढंच उरलं होतं. मेव्हणी माझ्या बायकोजवळ तसं रडून गेली होती. आणि या गृहस्थाचं पहिलं काम काय? कुपवाडहून जुने पाइप आणून गल्लीवर ताडपत्रीचं छप्पर! शेजारचे अत्तरवाले चाचा म्हणाले, "सावली झ्याक पडली, भाई. आता तिच्यात बसायला माणूस आणा."

मी टेप घेऊन गेलो. छप्पर भरलं बारा फूट. म्हणालो, "पाव्हणं, इथला गणपती किती फुटांचा असतो?"

"आवं, ओसूत..."

"ओसूत गणपती नसतो!" मी आयुष्यात एवढ्या मोठ्यानं ओरडलो नव्हतो.

गणपती चौदा फुटांचा आला. गाडी छपरापाशी थांबली, ताशे थांबले, आजूबाजूच्या गल्ल्यांतून माणसं जमली. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "काका, गणपती काय वाकत न्हाई. छप्पर वाकवा." मागून कोणीतरी ओरडलं, "आवं जपान, फाडा की ती ताडपत्री!" चाचांनी भर घातली, "आज फाडाल. मोहरमला आमचा ताबूत येणार, तो ह्याच्याहून उंच हाय." साडू ताडपत्रीकडं बघत उभा होता. तिच्यात त्याची उरलीसुरली पुंजी होती. त्या बारशानंतर पहिल्यांदाच त्याला ओसूतलं काही आठवलं नाही. मग तो शिडीवर चढला, एका बाजूच्या गाठी सोडल्या, दोर खाली टाकला आणि म्हणाला, "वढा रं!" पोरांनी ओढलं. छप्पर पडद्यासारखं सरकत गेलं आणि गणपतीच्या मुकुटावर ऊन पडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मूर्तीला की छपराला, ते मला कळलं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यानं कप्प्या बसवल्या. गणपतीला छप्पर उघडायचं, मोहरमला उघडायचं, आणि ते बघायला माणसं यायची. आली की त्यांना आठवायचं, घरातलं मशीन दोन वर्षं धागा तोडतंय. दुकान फार चाललं असं मी म्हणणार नाही, पण कुंडलला जावं लागलं नाही. गल्लीतलं सहावं दुकान उघडलं, मग सातवं. आठवं आणि नववं बंदच आहेत, हे मी त्याला दर खेपेला सांगतो.

आता त्याचे गुडघे गेलेत. शिडी पोरं चढतात, आणि एका बाजूचा दोर माझ्या हातात असतो, कारण दोन्हीकडची ओढ सारखी आली पाहिजे आणि ते काम कुणावर सोपवण्यासारखं नाही. यंदा ताबूत निघून गेल्यावर तो उघड्या आभाळाकडं बघत हळूच म्हणाला, "ओसूतलं छप्पर उघडत न्हाई, पाव्हणं."

इतक्या वर्षांत त्या पेठेत काही कमी असल्याचं मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मी कधीही न पाहिलेल्या त्या पेठेबद्दल मला उगीचच वाईट वाटलं. "असेल काही अडचण त्यांची," मी म्हणालो, आणि आम्ही दोघांनी मिळून छप्पर पुन्हा ओढून घेतलं.