कारण : धूळ

मुरुम गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी इंजिनिअर होतो, तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी नाही. त्या वर्षी आमच्याकडं गावाचं नेट प्रकाशातून पाठवणारं नवं लेझरचं कार्ड आलं. आधी प्रकाशाच्या प्रत्येक रंगाला वेगळं कार्ड लागायचं, अख्खं कपाट भरायचं. या कार्डात नखाएवढ्या एकाच चिपवर सगळे लेझर बसवलेले, आणि सगळ्यांचा प्रकाश एकाच फायबरमधून बाहेर पडणार. मला त्याचं भारी कौतुक होतं.

ते बसवायचा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. त्या दिवशी जो तो आपापल्या हत्यारांची पूजा करतो; आमची हत्यारं म्हणजे ही यंत्रं. एक्स्चेंजमधले कंत्राटी मदतनीस साठीला टेकलेले, सगळे त्यांना मामा म्हणत. खोलीची झाडपूस आणि किल्ल्या त्यांच्याकडं. ते दरवर्षी कपाटाच्या दारावर कोरा कागद चिकटवायचे आणि हळद-कुंकू त्या कागदाला लावायचे.

"साहेब, कागदालाच लावा बरं का. आत गेलं तर लई वंगाळ," ते म्हणाले.

मी शिकलेला माणूस. एवढ्या नवलाच्या वस्तूची पूजा कागदावर उरकणं मला कसंसंच वाटलं. मामा नारळ फोडायला बाहेर गेले तेवढ्यात मी कार्डाला ठसठशीत कुंकू लावलं, आणि त्याच हातानं फायबरच्या टोकावरचं टोपण काढून फायबर जोडून टाकलं.

दुपारी गावातलं नेट रडतखडत चालायला लागलं, मग बंदच पडलं. फायबरमधली प्रकाशाची वाट केसाहून बारीक असते. कुंकवाचा एक कण तिथं डोंगर होतो. मी टोक पुसलं तर फडक्यावर गुलाबी डाग. दहा मिनिटांत सगळं सुरळीत झालं. फडकं मी खिशात घातलं.

वरच्या साहेबांनी कारण विचारलं. कुंकू लिहायची लाज वाटली. 'कनेक्टरवर धूळ' असं लिहिलं. धूळ काय, कुणाचीच नसते.

पण त्या खोलीतली धूळ मामांची होती. पंधरा दिवसांनी कंत्राटदाराचा निरोप आला, पुढच्या महिन्यापासून मामांच्या जागी दुसरा माणूस येईल. मला फक्त एक ओळ दुरुस्त करून पाठवायची होती. मी ती लिहिली, दोनदा वाचली. माझी बढती त्याच साहेबांच्या हातात होती. ओळ पाठवली नाही. याची मला आजही शरम वाटते.

शेवटच्या दिवशी मामा किल्ल्या द्यायला आले आणि नुसतेच उभे राहिले. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, यांना कळलंय.

"साहेब, म्या रोज दोनदा पुसत हुतो. तरी कुठंतरी धूळ राहिलीच. माझ्यापायी तुमाला वरून बोलणी बसली. माफी करा."

"असू द्या, मामा," मी म्हणालो.

त्यांनी हात जोडले. मी माफ केलं म्हणून त्यांचा चेहरा जरा मोकळा झाला होता.