हार घातलेला फोटो

गाडीवर शिवयोगीइतका जीव टाकणारा ड्रायव्हर सोलापुरात दुसरा नाही, आणि त्याच्याइतका हट्टीही दुसरा नाही. मूळचा वळसंगचा. मी ब्रेकचं काम करतो, त्यामुळे त्याच्या ट्रकची नाडी मला ठाऊक. टायरची हवा रोज बघणार, उभ्या गाडीचं इंजीन उगाच चालू ठेवणार नाही. डिझेल वाचवावं ते असं, रीतीनं.

मग त्याच्या मालकाला एका मोठ्या कारखान्याचा माल मिळाला. अट एकच, धूर आणि डिझेल कमी, नाहीतर माल दुसऱ्या ट्रान्सपोर्टला. अट चांगलीच होती. पण शहाण्या मालकानं ड्रायव्हरांतच शर्यत लावली. सगळ्यात कमी डिझेल जाळणाऱ्याचा फोटो दर महिन्याला ऑफिसात लागणार, हार घालून. शिवयोगीला हरभऱ्याच्या झाडावर चढायला तेवढं पुरलं. डिझेल वाचवायला तुळजापूरचा घाट तो गिअर काढून, न्यूट्रलमध्ये उतरू लागला. इंजिनाचा आवर नाही, भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर!

पहिला नंबर आला. त्याची बायको फुलाबाई ऑफिसात गेली आणि तिनं हार ओढून काढला.

"जित्या माणसाच्या फोटूला हार घालत्यात व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो.

पुढं गाडी माझ्याकडे आली, तेव्हा ब्रेकचे ड्रम तापून निळे पडले होते, लायनर जळाले होते. माझी तर पाचावर धारण बसली.

"मरायचंय का तुला?" मी ओरडलो आणि फुलाबाईला बोलावून घेतलं.

तिच्यासमोर त्यानं स्टिअरिंगवर हात ठेवला. "आता गिअरातच उतरीन की. शपथ."

स्टिअरिंगची शपथ ड्रायव्हर मोडत नाहीत. मी नवे लायनर बसवले आणि निर्धास्त झालो.

आज दुपारी फुलाबाई गॅरेजवर आली. हातात ऑफिसनं घरी पाठवलेला पेढ्यांचा पुडा, चेहरा पांढराफटक.

"ह्यांचा पुन्हा पयला नंबर आलाय," ती म्हणाली. "मागल्या बारीपरीस डिझेल कमी लागलंय."

म्हणजे शपथ मोडून घाटात पुन्हा न्यूट्रल! नवे ब्रेक मिळाल्यावर पठ्ठ्याला आणखीच चेव आला असणार. मला राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली.

"आत्ता कुटं हाय त्यो?" मी विचारलं.

"लातूरहून माल भरून सकाळीच निगालेत. फोन उचलंनात."

लातूरहून येताना तुळजापूरचा घाट उताराचा लागतो. फुलाबाईनं पुन्हा फोन लावला. पेढ्यांचा पुडा तसाच बाकावर पडून होता आणि आम्ही दोघं वाजणारी रिंग ऐकत उभे होतो.